खरं

आमच्याकडं 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात.
जेवलो खरं पोट भरलं नाही.
पुण्याची मामी हसायची, हे कसलं रे मराठी?
याच मराठीसाठी बाबा दोनदा हिंडलग्याच्या जेलात जाऊन आलेले.
वडगावच्या घरात त्यांचा धोटा
अजून मोर्च्याच्या चालीनं पळायचा.

एक नोव्हेंबरला आई माझ्या दंडाला काळी फीत बांधायची,
सेफ्टी पिन दातात धरून.
त्याच वेळी गुरुसिद्ध चन्नम्मा चौकात
लाल-पिवळा पट्टा घालून नाचत असायचा,
घाम कानामागून मानेत.
हे मी बघितलेलं नाही. खरं मला माहीत आहे.

संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटला.
माझी फीत खिशात, त्याचा पट्टा सीटखाली.
मिरजेकडून मालगाडी यायची, गेट पडायचं,
अख्खं अनगोळ थांबायचं: दुधाच्या किटल्या,
उद्यमबागेतून सुटलेले काळे हात,
एकदा तर एक नवरी,
मुंडावळ्या सारख्या मागं सारत.
गर्दीत तो गळ्यातलं लिंग शर्टावरून मुठीत धरायचा.
गेट पडलं की मूठ सुटायची
आणि तो हात माझ्या कॅरियरवर यायचा.
बेचाळीस डबे.
मी हळू मोजायचो, म्हणजे जास्त होतील म्हणून.

ज्या वर्षी पाट्यांवर डांबर पडलं
आणि कोल्हापूरच्या बसच्या काचा रस्त्यावर,
त्या वर्षी आम्हाला फौंड्रीच्या मागं धरलं.
आठ जण. चार त्याच्याकडचे, चार माझ्याकडचे.
दुपारी एकमेकांची डोकी फोडलेले,
एकाच्या कपाळाची पट्टी अजून ओली.
त्याला कन्नडमध्ये काय म्हणाले ते मला कळलं.
मला मराठीत काय म्हणाले ते त्याला.
तेवढ्या एका शब्दापुरता
सीमाप्रश्न मिटला होता.

मग आई मला सौंदत्तीला घेऊन गेली.
तिला वाटलं, यल्लम्मानं हात लावला असेल,
देवीचं असेल तर निदान देवीचं तरी असेल.
पायरीवर सोमव्वा बसलेली,
दाढीची निळी सावली, हिरवं लुगडं, समोर जग.
माझ्याकडं किती तरी वेळ बघितलं तिनं,
केळी विकत घेताना बघतात तसं.
आईला म्हणाली, देवीचं काही नाही ह्यात.
ह्याचं हे ह्याचंच.
मग भंडारा माझ्या कपाळाला,
आणि हळूच, 'अंजब्याड.'
भिऊ नको.
आईला बाजारापुरतं कन्नड चांगलं येतं.
भाजीवालीशी चार आण्यांसाठी भांडते ती त्यात.
खरं परतीच्या बसमध्ये यरगट्टीपर्यंत विचारत राहिली,
काय म्हणाली रे ती? काय म्हणाली?

गुरुसिद्धचं लग्न बैलहोंगलला झालं.
पत्रिका कन्नडमध्ये होती.
मी अक्षर लावून लावून वाचली,
बाबांनी ती दिवाभर शेल्फवर ठेवू दिली,
मग माग पुसायला घेतली.

त्याच महिन्यात एका रात्री
लाईट गेली, माग थांबला.
अंधारात बाबांना माझ्याकडं बघावं लागत नव्हतं.
म्हणाले, लोकं काय काय बोलालेत तुझ्याबद्दल.
खोटं हाय की रे ते?

मी म्हटलं, खोटं हाय, खरं.

बाबा पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.
लांब कुठं तरी गेटची घंटा वाजायला लागली.
त्यांनी बोटानं चाचपून
तुटलेला एक धागा शोधला
आणि लाईट यायच्या आत
गाठ मारायला घेतली.